फर्दापूरला दिसलेला नवरा

हर्सूलच्या आमच्या गल्लीत बोलतात की, शाळांचे गणवेश शिवणाऱ्या सुलेखानं ऐनवेळी दुसरं लग्न मोडलं. तिला म्हणे सरकारी नोकरीवालाच पाहिजे होता. साफ खोटं. लग्न मोडलं ते माझ्या जिभेनं. शेजारी म्हणून ही जीभ तिला वीस वर्षं फुकट मिळतेय.

तिचा नवरा राजकुमार नऊ वर्षांपूर्वी जायकवाडीच्या पाण्यात होडीसकट गेला. प्रेत सापडलं नाही. आमच्या चर्चचा कायदा असा, की पहिला जोडीदार हयात असेल तर दुसरं लग्न लावलं तरी लागत नाही. म्हणून बाईनं दोन वर्षं खेटे घातले, होडीवाल्यांच्या साक्षी नेऊन दिल्या, तेव्हा कुठं बिशपांनी राजकुमारला मृत मानलं. मग अभयशी जमलं. अभय रंगारी, विधुर, गरीब स्वभावाचा.

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जोडप्याची नावं पुकारतात. कुणाला अडथळा ठाऊक असेल तर त्यानं फादरना कळवायचं. दुसऱ्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपली, आवारात चहा चालला होता. मला राहवलं नाही. अभयला म्हणालो, "जपून रे बाबा, परवा फर्दापूरला राजकुमारसारखाच एक जण माळा विकत होता."

सगळे हसले. अभयची आई आशाबाई मात्र हसली नाही. कप ठेवून थेट फादरकडं गेली.

तिसरी पुकार झालीच नाही. मी धावत गेलो. "फादर, मस्करी केली हो मी."

"त्या दिवशी पाहिला म्हणालात, आज नाही म्हणता," फादर म्हणाले. "बिशपांना यातलं काय लिहू?"

दोन माणसं फर्दापूरला चौकशी करून आली. तसा कुणी नव्हताच, तर भेटणार कसा? पण आशाबाईचं ठरलेलं, "नाय सापडला म्हंजी पळाला."

चार महिन्यांनी हरकत उठली. तोवर आशाबाईनं वैजापूरची मुलगी सून करून घेतली होती. अभय सुलेखाला एकदाही भेटायला आला नाही.

परवा सुलेखाच्या दारात गेलो. ती मशीनवर होती. सवयीनं हसतच म्हणालो, "आता वाट मोकळी झाली की. मी बघतो दुसरं स्थळ."

तिनं पाय थांबवला. "भाऊ, माझा नवरा मेलाय हे लोकांना पटवत मी दोन वर्षं फिरले. आता परत नाय फिरायची. स्थळ बघू नका, आन् माझ्या दारात हसू नका."