दाजींची सरकती रेंज

आमच्या दाजींनी खोलून पाहिल्याशिवाय कोल्हापुरातल्या एकाही यंत्राला सुखानं मरता आलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. कोल्हापूरच्याच एमआयडीसीत त्यांनी जन्मभर फिटरकी केली आणि निवृत्त झाल्यावर घरातला मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांची स्कूटर, सगळं त्यांच्या तावडीत सापडलं. नियम दोनच. एका वेळी एकच बदल करायचा, आणि तो वहीत लिहायचा. याद्या मीही करतो, पण मी यादीतलं काम उरकतो. दाजी त्यावर मुक्काम करतात. आमचा पंखा त्यांनी दुरुस्तीला नेला तो पुढच्या उन्हाळ्यात परत आला. मात्र आजही फिरतोय.

त्यांचा कॉम्प्युटर विंडोज अठ्ठ्याण्णववर चालायचा. जग पुढं गेलं तरी दाजी बदलेनात, कारण 'चालतंय की'. दोन हजार पाचच्या सुमाराला आक्का घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण भीतीनं ती कॉटवरून उतरेना. मस्कतची लेक रविवारी कॉम्प्युटरवरून बोलायची, आणि फोन, फोनच्या वायरीतून येणारं इंटरनेट, कॉम्प्युटर सगळं पुढच्या खोलीत. मी दाजींना दोन पर्याय लिहून दिले: कॉम्प्युटर आक्काच्या खोलीत नेऊन लांब वायर टाका, नाहीतर नवा घ्या. त्यांनी दोन्ही खोडले. वायर तिच्या वॉकरमध्ये अडकेल म्हणाले. जी बाई कॉट सोडत नाही, तिच्या वॉकरची ही काळजी! शेवटी पुढच्या खोलीत वायरलेसचा डबा बसला आणि कॉम्प्युटरसाठी त्याची रेंज पकडणारं कार्ड आलं.

ते कार्ड कॉम्प्युटरला दिसेचना. सोळा दिवस, सोळा नोंदी. खाच बदलून झाली, कार्डाचे दात खोडरबरानं पुसून झाले. दुकानदाराला घरी आणलं, तर तो म्हणाला, "पावणं, ह्या मशीनला आता हार घाला की." दाजींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. अखेर मी खोक्यातला कागद वाचला. आधी सीडी चालवायची, म्हणजे कॉम्प्युटरला कार्डाची ओळख पटते. मग कार्ड बसवायचं. दाजींनी आयुष्यभर आधी भाग बसवला होता आणि कागद पुडीला वापरला होता. सतरावी नोंद माझ्या अक्षरात आहे. हिरवा दिवा लागला तेव्हा ते मला म्हणाले, "पावणं, तुमच्यासारखा कागद वाचणारा कारखान्यात असता, तर माझी काय गरज हुती?"

रविवारी पाहतो तर कॉम्प्युटर आक्काच्या खोलीच्या दारात मांडलेला. "रेंज कॉटपतूर पोचत न्हाय," दाजी तिला सांगत होते, "दारात यावं लागंल." आक्कानं त्यांचा आणि त्यांच्या कार्डाचा उद्धार केला, आणि ती वॉकर धरून पाच पावलं चालली. पुढच्या रविवारी रेंज दोन फरश्या मागं सरकली. मग मधल्या सोप्यात गेली. आक्का तोंडाचा पट्टा सोडत मागोमाग. दिवाळीला ती वॉकरशिवाय पुढच्या खोलीत येऊन बसली, आणि कॉम्प्युटर पूर्वीच्याच जागी, फोनशेजारी, पोचला होता.

आता दाजींचे हात थरथरतात, स्क्रू धरवत नाही. कॉम्प्युटर कापडाखाली झाकलेला असतो. परवा त्यांचं कपाट आवरून देताना ती वही मला सापडली. माझ्या नोंदीखाली अठरावी होती: 'कॉटपाशी रेंज पूर्ण. तिला सांगायचं नाही.'

मी वही होती तिथं ठेवली. बाहेर आक्का मंडईतून चालत आली होती, आणि मला इतका वेळ कपाटात काय खोलायला लावलंय म्हणून दाजींना दटावत होती.