वॉचमनला खुर्ची असावी का?

दोन हजार तेवीस साल. मी चौसष्ट वर्षांचा. वाघोलीतल्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दहा-बारा माणसं खुर्च्यांवर बसली होती आणि मी एकटा वही धरून उभा.

"उभ्यानेच वाचा आजोबा," सर म्हणाले. "तुम्हाला सवय आहे."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

सर म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त मुख्याध्यापक. रविवारी दुपारी तासभर आम्हाला फुकट शिकवायचे. आम्ही म्हणजे वॉचमन, झाडणाऱ्या बायका, ड्रायव्हर. मी पाचवी शिकलेला. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं, हा माझा हट्ट. घरचे म्हणाले, या वयात कशाला? म्हटलं, माझं वय माझं मी बघतो.

त्या रविवारी वैचारिक निबंध होता. दोन बाजू असलेला विषय स्वतः निवडायचा. दोन्ही बाजू मांडायच्या, मग आपलं मत. बाकीच्यांनी मोबाईल घेतला, शाप की वरदान. मी लिहिलं, 'वॉचमनला खुर्ची असावी का?'

गेटवर आमची बारा तासांची ड्यूटी. पूर्वी खुर्ची होती. एक जण बसल्या बसल्या पेंगला, कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला, कमिटीने खुर्ची उचलली. नोटिशीवर सही सरांची. संध्याकाळी माझे पाय बुटातून निघत नाहीत.

विषय वाचून झाला. सरांनी चष्म्यावरून बघत मान हलवली.

"याला दोन बाजू नाहीत. याला नियम आहे."

"सर, पण..."

"तुम्ही आपला पोपट घ्या. 'माझा आवडता पक्षी'. झेपेल."

पुन्हा हशा. तो थांबल्यावर सर हळू आवाजात म्हणाले, "एजन्सीकडे माणसांची कमी नाही, आजोबा."

आमच्यातल्या एकाने खुर्ची परत मागितली होती. तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा माणूस उभा होता. मला या वयात दुसरं गेट कोण देणार? शेजारी बसलेल्या सुनंदाबाई, त्या जिने झाडतात, कुजबुजल्या, "काका, लिहा की पोपट. तुमचं काय जातंय?"

"बरं सर," म्हणालो. विषय खोडला. पोपट लिहिला.

घरी बायकोने विचारलं, "आज काय शिकवलं?" मला सांगता येईना. चहा घेऊन वही उघडली. पोपट हिरवा असतो. पोपट झाडावर राहतो. दोन ओळी झाल्या आणि पेन थांबलं. पाय सुजले ते सोसलं होतं. पण माझा विषय त्यांनी माझ्याच हाताने खोडायला लावला. आणि मी खोडला. घाबरून.

पान फाडलं. नव्या पानावर पुन्हा विषय लिहिला. खाली माझी बाजू. अर्धं पान भरलं. दुसरी बाजू काही सुचेना. खरंच सुचेना.

"नोकरी गेली म्हणजे?" बायको म्हणाली.

"गेली तर गेली." तोंडाने म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेटवर हजर झालो. सव्वासातला सरांची गाडी निघते. रोज गाडी लांबून दिसली की मी गेटचा आडवा दांडा वर करतो, सलाम करतो. त्या दिवशी दांडा खालीच ठेवला. सरांनी काच खाली केली.

"काय आजोबा, उभ्या उभ्या झोपलात?"

मी वही खिडकीतून आत धरली.

"सर, विषय तोच आहे. दुसरी बाजू सांगा. लिहून घेतो."

मागे गाड्या थांबल्या. हॉर्न सुरू झाले. मी पेनाचं टोपण काढलं. बाजू सांगेपर्यंत दांडा वर जाणार नव्हता.