लिंगाखालची ऊब

माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, औरादला राहते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं आणि हट्टानं कलबुर्गीला शिकायला पाठवलं. तिथल्या प्रयोगशाळेत मी डोळ्यांना न दिसणारे कण बनवते. ते उंदराच्या अंगात सोडून वरून लेसर मारला की आतून हिरवे चमकतात. त्या चमकेवरून कातडीखालच्या मांसाची ऊब मोजता येते. मला या कामाचा भारी तोरा होता.

श्रावणात घरी गेले, तेव्हा पूजा आटोपून गळ्यातलं लिंग पुन्हा छातीवर सोडत अक्का म्हणाली, "हितं लिंगाखाली लई ऊन लागायलंय गं. पूजा पावायलीय बघ."

आम्हा लिंगायतांत पूजेपुरतं लिंग तळहातावर घेतात, एरवी ते अंगावरच असतं. त्याखालची जागा दुसरं कुणी बघत नाही. मी हसले. "तुझ्या भक्तीला ताप आलाय," म्हणाले आणि पुढची भाकरी मोडली.

दिवाळीनंतर एका उंदरीच्या स्तनातल्या गाठीचं चित्र पडद्यावर आलं. गाठ इवलीशी, पण तेवढीच जागा आजूबाजूच्या मांसाहून गरम. आमच्या मॅडम खूश झाल्या. मला मात्र अक्काच्या लिंगाखालची ऊब आठवली. हातमोजे काढले आणि तशीच बसस्टँडवर गेले.

अक्का आधी हात लावू देईना. "लिंगाला दुसऱ्याचा हात लागू न्हाई." शेवटी तिनंच ते मुठीत धरून बाजूला केलं, आणि मी पालथा हात ठेवला. तिथं कणांची गरजच नव्हती. ऊब होती, आणि सुपारीएवढी गाठही. मला संताप आला, तिचा नाही, स्वतःचा.

बिदरच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्टच्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या, तिला धीर यावा म्हणून, मी त्या उंदरीची हकिगत सांगितली. गाठ कशी चमकली, कशी सापडली.

"मग बरी झाली का गं ती?" तिनं विचारलं.

चित्रं काढून झाली की आम्हीच त्या उंदरांना मारतो. पायाखाली मुंगी आली तरी हळहळणाऱ्या बाईला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"व्हय, झाली की," मी म्हणाले.

"मग मला कायबी भ्या न्हाई," ती म्हणाली. तेवढ्यात आतून तिच्या नावाचा पुकारा झाला, आणि ती माझ्याआधी उठली.