खोक्यातल्या चार खुर्च्या

माझी सून काय काम करते असं कोणी विचारलं की मी सांगते, खोक्यांची दुखणी काढते. माणसं हसतात. हसू देत. तिच्या कंपनीत त्या कामाला जे नाव आहे ते माझ्या कवळीत अडकतं.

खोका साबणाच्या वडीएवढा. पांढरा, एका कडेला हिरवा दिवा. घरात आजारी माणूस असेल आणि त्याला ऑक्सिजनचं मशीन लावलेलं असेल, तर हा खोका मशीनच्या पाठीला चिकटून बसतो आणि राखण करतो. आपण बाहेर असलो तरी फोनवर त्याचं पान उघडायचं, तो ऑक्सिजनचे आकडे दाखवतो. आणि काही बिघडलं तर न विचारता तो स्वतःच आपल्या फोनवर अलार्म वाजवतो. त्याच्या पोटात एक इवलासा सर्व्हर असतो. सर्व्हर म्हणजे आल्यागेल्याला उत्तर देणारा. मोठ्या सर्व्हरला म्हणे गोदामाएवढी जागा लागते, याला काडेपेटीएवढी. त्यामुळे याच्यात सगळं हात आखडून करावं लागतं.

सून आधी हे काम करत नव्हती. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी होती. दुसऱ्याच्या चुकीबद्दल रोज शिव्या खाऊन खाऊन तिला वाटलं, या शिव्या जिथून उगवतात ती जागा एकदा आतून बघावी. मग संध्याकाळी शिकली, परीक्षा दिल्या, आणि खोक्यांच्या कंपनीत लागली. कोडमधली चूक सापडली नाही की ती काही बोलत नाही. माझ्या डाळींच्या बरण्या पुसून नव्याने लावायला लागते. मला मग चार दिवस साखर सापडत नाही. पण बरण्या लावून झाल्या की ती टेबलाशी जाते आणि बरेचदा तिला चूक सापडलेली असते. मुलगा म्हणतो, "आई, तुझं स्वयंपाकघर म्हणजे तिचं डोकं आहे." मी म्हणते, मग माझं कुठे ठेवू?

आमच्या समोरच्या दारात लिफ्टवाले राहतात. गावभरच्या लिफ्टा दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. मला मावशी म्हणतात, सुनेला ताई. त्यांच्या बायकोची, म्हणजे वहिनींची, फुप्फुसं निकामी झाली होती. नाकात नळी, बाजूला मशीन, दिवसभर घरात एकटी. मूलबाळ नाही. सुनेनेच कंपनीतून खोका आणून त्यांच्याकडे बसवला. अलार्म तीन फोनवर वाजणार होता: त्यांच्या, सुनेच्या आणि माझ्या.

लिफ्टवाल्यांना त्या खोक्याचं वेडच लागलं. उठता बसता पान उघडून बघायचे. वहिनी मला म्हणायच्या, "मावशी, लग्न झाल्यापासून माझ्याकडे इतक्यांदा कधी बघितलं नाही हो यांनी. आता मी दिसत नाही, नुसते आकडे दिसतात, तर नजर हटत नाही." हसताना त्यांना धाप लागायची, मग मी त्यांना हसवायचं थांबवायची.

एका दुपारी वहिनींची नळी मशीनच्या तोंडातून निसटली. मशीन चालूच राहिलं. खोक्याला कळलं होतं, हे आता आम्हाला ठाऊक आहे. तरी तिन्ही फोन गप्प राहिले. मी भिंतीपलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होते, फोन माझ्या मांडीवर होता. संध्याकाळी लिफ्टवाले घरी आले, आणि मग त्यांनी आमचं दार वाजवलं. पुढचं मी लिहीत नाही.

कंपनीचा माणूस आला. त्याने पहिल्याप्रथम काय केलं, तर खोक्याची वायर उपटली. वीज गेली की खोका सगळं विसरतो. तेव्हा त्याच्या पोटात काय होतं ते तिथेच संपलं. "नेटवर्क गेलं असेल," असं म्हणून तो माणूस गेला.

लिफ्टवाल्यांनी मात्र स्वतःपुरतं कारण शोधून ठेवलं होतं. त्या दुपारी ते एका लिफ्टच्या खड्ड्यात बराच वेळ अडकले होते, फोन बघायला मिळाला नव्हता. जो भेटेल त्याला तेच सांगायचे, "मी बघितलं असतं तर वाचली असती." दूधवाल्याला सांगायचे, जिना झाडणारीला सांगायचे. सुनेला त्यांनी एकदाच विचारलं. दारात उभं राहून.

"ताई, खोका ओरडला का नाही?"

"शोधते, दादा."

त्यानंतर तिने तसलाच एक खोका टेबलावर मांडला आणि शोधायला बसली. खोट्या मशीनला जोडायची, आकडा खाली आणायची, खोका इमानाने ओरडायचा. पुन्हा आणायची, पुन्हा ओरडायचा. माझा फोन इतका वाजायचा की शेवटी मी तो उशीखाली ठेवला. ऑफिसातही तेच. बरण्या पुसून पुसून त्यांच्यावरच्या चिठ्ठ्यांची शाई गेली. ती जेवताना ताटाकडे बघायची आणि घास हातातच राहायचा. मुलगा म्हणाला, "अगं, कंपनी म्हणते ना नेटवर्क होतं म्हणून. सोड आता."

"नेटवर्क जातंच," ती म्हणाली. "सगळीकडे जातं. म्हणून खोक्याने मुकं व्हायचं?"

एकदा आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो. लिफ्टमध्ये शिरलो. तिच्या हातात फोन, फोनवर टेबलावरच्या खोक्याचं पान. दार लागलं तसं पान गोठलं. लिफ्टमध्ये फोन चालत नाहीत, त्यात नवल काय? पण ती त्या फोनकडे अशी बघत राहिली, जसं काही त्याने तिला नावाने हाक मारली. वर पोचलो, मी बाहेर आले, ती आतच.

"अगं, उतर की."

"आई, तुम्ही घरात जा आणि खोक्याकडे लक्ष ठेवा."

ती खाली गेली, वर आली, परत खाली. दर वेळी खाली गेल्यावर बाहेर येऊन पान उघडायची आणि ते उघडं ठेवूनच आत शिरायची. वरच्या मजल्यावरच्या काकू पिशव्या घेऊन ताटकळत होत्या, त्या मला म्हणाल्या, "सूनबाईंना लिफ्ट नवीन आहे का?" चौथ्या फेरीनंतर तिने घरात येऊन मशीनचा आकडा खाली आणला.

हिरवा दिवा तसाच. खोका गप्प. माझा फोन गप्प.

तिने खाली बसकण मारली. मला वाटलं आता आनंद होईल. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग मला तिने समजावलं ते असं. खोक्याच्या पोटात बसायला चारच खुर्च्या. कोणी पान उघडलं की एक खुर्ची त्याला. काम झालं की तो "येतो" म्हणून उठतो, खुर्ची मोकळी. पण लिफ्टमध्ये शिरताच फोनची वाट तुटते. तो "येतो" म्हणायच्या आतच नाहीसा होतो. खोका बिचारा समजतो, पाहुणा अजून बसलाय. त्याला उठवायचं कसं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. असे चार जण न सांगता गेले की चारही खुर्च्या भरलेल्या, आणि माणूस एकही नाही. अलार्म बाहेर पाठवायलाही खोक्याला एक खुर्ची लागते. ती त्याला मिळेना.

"मग चौघे कोण होते वहिनींच्या खोक्यात?" मी विचारलं, आणि विचारता विचारता मला कळलं.

दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस. उतरण्याआधी दर वेळी एकदा बघून घेणारा, आणि कधी घाईत पान उघडंच ठेवून खाली जाणारा.

चूक दुरुस्त करायला तिला फार वेळ लागला नाही. जो बराच वेळ गप्प आहे त्याची खुर्ची काढून घ्यायची, आणि एक खुर्ची अलार्मसाठीच राखून ठेवायची. मी विचारलं, "एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच, आई." असं म्हणताना तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा होता.

पण खोके घरोघरी बसलेले होते. नवीन कोड प्रत्येक खोक्यात जायला काही दिवस लागणार. तोवर प्रत्येक घराला कळवायला हवं होतं, की पान उघडू नका, खोका रोज एकदा बंद करून चालू करा. तिच्या साहेबांचं म्हणणं, लोकांना उगाच घाबरवायचं कशाला, गुपचूप बदलून टाकू. ती म्हणाली, या दिवसांत कुठे काही झालं तर? साहेब नाइलाजाने कबूल झाले, पण मजकूर त्यांनी लिहिला: "वापरणाऱ्यांनी वारंवार पान उघडल्यामुळे." ती फोनवर इतकी ओरडली की मी गॅस बंद करून बाहेर आले. "बघायलाच दिलंय ना ते पान? मग 'आमच्या चुकीमुळे' असं लिहा!" शेवटी तसं लिहिलं गेलं. पण कसंही लिहा, पान उघडू नका म्हटल्यावर का, ते सांगावंच लागणार. आणि तो निरोप समोरच्या दारातल्या फोनवरही जाणार.

त्या संध्याकाळी आमच्या टेबलावर वाद झाला. मुलगा म्हणाला, "त्यांचा नंबर वगळ. त्यांच्याकडे आता खोका नाही."

मीही म्हणाले, "नको सांगू गं. मी बघितलं नाही म्हणून गेली, असं तो माणूस धरून बसलाय. ते काढून घेऊन त्याच्या हातात हे द्यायचं?"

"आई, नंबर वगळला तरी दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळेल. आणि मला त्यांनी विचारलंय." तिने चप्पल घातली. मी तिला एकटीला कशी जाऊ देणार?

लिफ्टवाल्यांनी दार उघडलं. घरात मशीनची जागा मोकळी, फरशीवर त्याच्या पायांचे डाग. आम्हाला बसायला सांगून ते स्वतः उभेच राहिले. सुनेने सगळं सांगितलं, खुर्च्यांसकट. आडपडदा ठेवला नाही. ते मान हलवत ऐकत होते, एखाद्या लिफ्टची तक्रार ऐकावी तसे.

"म्हणजे मी बघत होतो म्हणून."

"चूक आमची आहे, दादा. निघून गेलेल्याची खुर्ची—"

"ते कळलं. मी काय विचारतो ते सांग. मी बघितलं नसतं, तर वाजला असता?"

मी सुनेचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला.

"हो."

"तिघांच्या फोनवर?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मावशी तेव्हा घरी होत्या."

"होते," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बाहेर कोणाची तरी गाडी हॉर्न वाजवत गेली. लिफ्टवाल्यांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला, परत खिशात ठेवला.

"आणखी किती घरांत आहे हा खोका?"

"बऱ्याच."

"मग इथे काय करतेस? जा. कळव त्यांना."

आम्ही उठलो. दार त्यांनी लावलं, आपटलं नाही.

निरोप गेला आणि कंपनीचे फोन वाजायला लागले. तिनेही कंपनीत बसून फोन उचलले, जुन्या नोकरीसारखे. कोणी रडत होतं, कोणी शिव्या देत होतं. एक बाई म्हणाली, बाबा आत एकटे आहेत आणि तुम्ही म्हणता बघू नका, मी करू तरी काय? सून तिच्याशी बोलत राहिली, ती बाई घरी पोचेपर्यंत. सगळे खोके दुरुस्त झाले. आणखी कुठे कोणी गेलं नाही. असं मी कोणाला सांगते तेव्हा ते म्हणतात, चला, शेवट गोड.

काही दिवसांनी लिफ्टवाल्यांनी आमची बेल वाजवली. सुनेने दार उघडलं. ते आत आले नाहीत.

"खरं बोललीस ते बरं केलंस," ते म्हणाले. "खोटं बोलली असतीस तर मी विचारतच राहिलो असतो. आता विचारायचं काही राहिलं नाही." मग जिन्याकडे बघत म्हणाले, "पण यापुढे मी दिसलो तर बोलायला थांबू नकोस. तूही आणि मावशीही. जमत नाही मला."

"बरं, दादा," ती म्हणाली.

तेव्हापासून बाहेर पडायच्या आधी आम्ही दाराच्या भिंगातून बघतो. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण हल्ली जिन्यानेच जातो, आणि सावकाश जातो. तो दिसला की आम्ही दोघी पायात चपला घालून, पिशव्या हातात धरून दाराआड उभ्या राहतो, त्याची पावलं खाली पोचेपर्यंत.