मुलाने पाठवलेला चहा

आईच्या छातीतली गाठ मुंबईत काढली. टाके सुकल्यावर भावाने तिला स्वतःच्या गाडीतून रत्नागिरीला आणलं. मी मागच्या सीटवर तिच्या काखेखाली उशी धरून बसले होते. हातखंब्याला शहराकडे वळायच्या आधी काचेच्या भिंतींचं एक नवं हॉटेल झालंय, तिथे त्याने गाडी थांबवली.

"आई, घर आलंच आता. पण जरा काहीतरी गार घेऊ."

त्याने तिच्यासाठी आइस टी मागवला. उंच ग्लास आला. तळाशी केशरी, वर तपकिरी, मध्ये बर्फ, फळांच्या फोडी आणि वर पुदिन्याचा तुरा. गार चहा म्हणजे ओतून विसरलेला चहा, एवढंच आईला ठाऊक होतं. तिने नळीने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगो, ह्याला तर फळांचा वास येतोय."

भाऊ हसला. तिच्या गालाला हात लावला. रविवार होता. संध्याकाळी आम्हाला घरी सोडून तो तसाच ठाण्याला परतला, कारण सोमवारी त्याचं ऑफिस होतं. माझीही सोमवारी शाळा होती. मी भूगोल शिकवते. लग्न केलं नाही. वडील गेल्यापासून घरात आई आणि मी दोघीच. मी रजेचा अर्ज दिला.

पुढची केमोची औषधं कोल्हापूरला द्यायची ठरली. दर खेपेला भाड्याची गाडी, आंबा घाटातली वळणं आणि माझ्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी. जाताना आई बोलायची, येताना बोलायची नाही. दुसऱ्या खेपेनंतर तिच्या तोंडाची चव गेली. पेज दिली की म्हणे गंजलेल्या पत्र्यासारखी लागते. साधं पाणीसुद्धा कडू. जिभेवर फोड आले. दिवसभरात तिच्या पोटात जेमतेम पेलाभर पाणी जायचं आणि डॉक्टर मला ओरडायचे, "त्यांना प्यायला द्या, काहीही द्या, पण द्या."

"काय देऊ तुला?" मी विचारलं.

"तो चहा," ती म्हणाली. "हॉटेलात पाजलान् होता तो."

बाहेरचा बर्फ, बाहेरची कापलेली फळं सक्त मना होती. तेव्हा घरीच करायला हवा होता.

पहिल्यांदा मी आपला नेहमीसारखा चहा उकळला, गाळला, साखर घातली आणि फ्रीजमध्ये ठेवला. बाहेर काढला तर नदीच्या गढूळ पाण्यासारखा दिसत होता, आणि कडू तर इतका की मलाही गिळवेना. आईने नळी ओठाला लावून ग्लास सरकवला. मग मोबाइलवर बघून, चुकत चुकत शिकले. चहा उकळायचा नाही. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करायचा, जरा थांबायचं आणि मग पत्तीवर पाणी ओतायचं. थोड्याच वेळात गाळायचा, चोथा पिळायचा नाही. पिळला की सगळा तुरटपणा खाली उतरतो. साखर गरम असतानाच विरघळवायची. आणि आपोआप निवेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, नाहीतर तो ढगाळतो. बर्फासाठी पाणी उकळून, निववून मग ट्रेमध्ये भरायचं.

फळांचं त्याहून कठीण. लिंबू पिळलं की तिच्या तोंडातले फोड झोंबायचे. कच्चा अननस तर जीभ सोलून काढतो. मी अननस सोलून, साखर आणि किंचित पाणी घालून मंद आचेवर शिजवला, गाळला. शिजवल्यावर तो झोंबत नाही, हे तेव्हा कळलं. त्यात संत्र्याचा थोडा रस. पुदिन्याची कच्ची पानं नकोत म्हणून दोन काड्या गरम पाण्यातच बुडवून काढायच्या. एवढं सगळं सकाळी शाळेला जायच्या आधी. माझी रजा तोवर संपली होती, आणि दिवसा आईजवळ बसायला शेजारच्या वहिनी यायच्या.

आई प्यायची. पण दर वेळी म्हणायची, "बरा आहे. पण तसा नाही हो."

"कसा नाही?"

"त्या दिवशी त्याने पाजलान् तसा नाही."

ह्याला मी काय करणार होते? त्या हॉटेलात तेव्हा तिची चव शाबूत होती, औषध अजून सुरू व्हायचं होतं आणि समोर मुलगा बसला होता. ह्यातलं एकही मला भांड्यात घालता येण्यासारखं नव्हतं.

भाऊ रोज व्हिडिओ कॉल करायचा, ऑफिसातून घरी जाताना. त्यात खोट नाही. एकदा तिने त्याला चहाचं सांगितलं, आणि आठवड्याभरात कुरियरने एक बाटली आली. पीचचं सिरप. बाटलीवर गुलाबी-पिवळ्या फळाचं चित्र होतं.

"पीच म्हणजे कसलं फळ गो?" आईने विचारलं.

"मीही खाल्लेलं नाही."

"त्याला माहीत," ती म्हणाली आणि बाटली पदराने पुसून पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवली, औषधांच्या पुढे.

त्या दिवशीचा चहा मी त्या सिरपचा केला. पहिला घोट घेतल्याबरोबर तिचं तोंड वाकडं झालं. अत्तरासारखा उग्र वास होता त्याला. तिने हट्टाने अर्धा ग्लास संपवला आणि थोड्या वेळाने सगळा उलटून टाकला. वर मलाच म्हणाली, "तू जास्त घातलंस." दुसऱ्या दिवशी मी चमचाभरच घातलं. तेही टिकलं नाही. तरी बाटलीतलंच हवं, दुसरं नको.

मग मी सिरप मोरीत ओतलं. बाटली उकळत्या पाण्याने धुतली, शिजवलेल्या अननसाचा माझा रस तिच्यात भरला आणि आईच्या देखत, तिच्या टेबलावरून उचलून, ग्लासात ओतला.

तिने घोट घेतला. नळी सोडली नाही. ग्लास संपला.

"आज जमलं तुला," ती म्हणाली. "बघ, चांगली वस्तू असली की फरक पडतो."

मला हसू आलं. ती पितेय ना, मग कुणाच्या का नावाने पिईना, असं मी त्या दिवशी स्वतःला बजावलं, आणि ते मला खरोखर पटलंही होतं. पुढचे काही महिने मी ती बाटली दर दोन दिवसांनी भरत राहिले. अननस मिळाला नाही तेव्हा चिकू घालून पाहिला, तो फसला. पुढे आंबे आल्यावर हापूसचा रस घातला, तो तिला सर्वांत आवडला. "आता पीच नीट मुरला," म्हणाली. घरी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला बाटली दाखवायची. "मुलाने पाठवलान् हो. ह्याच्यावरच आहे मी." येणारी माणसं बाटली हातात घेऊन बघायची, मान हलवायची. मी आत त्यांच्यासाठी साधा चहा टाकत असे.

शिमग्याला भाऊ आला, बायकोमुलांसह. तोवर आईची औषधं संपत आली होती. डोक्यावर रुमाल बांधून ती पडवीत खुर्चीवर बसली होती, कारण ग्रामदेवतेची पालखी आमच्या दारी यायची होती. पालखी आली, नाचली, आम्ही ओटी भरली आणि ती पुढच्या घरी गेली. काही पाहुणे आणि शेजारची मंडळी बसली होती. आईने मला हाक मारली, "सगळ्यांना तो चहा दे गो. त्याच्या बाटलीतला."

मी मोठ्या भांड्यात केला, ग्लास भरून आणले. सगळ्यांनी वाखाणला. भावाने ग्लास रिकामा केला आणि म्हणाला, "ताई, हे सिरप खरंच भारी निघालं. आणखी दोन बाटल्या मागवतो."

मी म्हटलं, "हे तुझं सिरप नाही रे. हे हापूस आणि अननस आहे. तुझं तिला पहिल्याच दिवशी उलटलं. मी ते टाकून दिलं."

मी चिडून बोलले नव्हते. निदान सुरुवातीला तरी नव्हते. दोन बाटल्या उगीच येतील, एवढंच डोक्यात होतं. भाऊ जरासा ओशाळला, हसला आणि म्हणाला, "अरे वा, मग तर तू सिरपचा धंदाच काढ." त्याची बायकोही हसली. सगळं तिथेच संपलं असतं.

पण आईने ग्लास खाली ठेवला. सगळ्यांसमोर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला त्याचं काही चांगलं झालेलं बघवत नाही. लहानपणापासून."

शेजारच्या वहिनी, ज्यांनी माझ्या पाठीमागे आईला किती वेळा सांभाळलं होतं, त्यांनी मान खाली घातली. भाऊ म्हणाला, "आई, असं काय बोलतेस," पण हळू, जेवढं म्हणणं भाग असतं तेवढंच. मी ग्लास गोळा केले आणि आत घेऊन गेले. नळ मोठा सोडून घासत बसले. बाहेर पुन्हा बोलणी सुरू झाली, ढोल दूर वाजत होते, आणि थोड्या वेळाने मला आईचं हसणंही ऐकू आलं.

त्यानंतर तिने तो चहा मागितला नाही आणि मी केला नाही. तिची चव हळूहळू परत येत होती. आधी मीठ कळू लागलं, मग आमसुलाचं सार. तपासण्यांचे कागद आले, सगळं बरं होतं. ज्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आता सहा महिन्यांनी या, त्या दिवशी आंबा घाट उतरताना ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी रडत होते. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मे महिन्यात भाऊ तिला ठाण्याला घेऊन गेला. महिनाभर ठेवून घेणार होता. "ताई, तूही जरा मोकळी हो," म्हणाला. आई नवी साडी नेसून गाडीत पुढे बसली. आठवडाही झाला नसेल, तर रविवारी दुपारी त्याचा फोन.

"ताई, तो चहा कसा करायचा गं? आई काही पीतच नाही. इथे उकडतंय फार. एक हॉटेलातून मागवला, तो नको म्हणाली."

मी त्याला सगळं सांगितलं. गॅस कधी बंद करायचा, चोथा का पिळायचा नाही, अननस शिजवूनच का घ्यायचा. काही राखून ठेवलं नाही. तो हं हं करत होता. मध्येच म्हणाला, "एवढं? दोघंही आठ वाजता घरी येतो गं आम्ही. शॉर्टकट नाही का काही?"

"मी पण नोकरी करते," मी म्हटलं.

"तसं नाही गं."

"मग कसं?"

तो म्हणाला की मुलीच्या क्लासची वेळ झालीय.

महिना पुरा व्हायच्या बराच आधी आई परत आली, ओळखीच्या कुणाच्या तरी गाडीतून. भावाला सुट्टी नव्हती. मी फाटकाशी जाऊन तिची पिशवी घेतली. ती पायऱ्यांवरच टेकली आणि समोर कुंपणापाशी उभ्या शेजारच्या वहिनींना मोठ्याने सांगू लागली, "काय सांगू, रोज तो चहा करून द्यायचा. ऑफिसातून आला की आधी माझा चहा. स्वतःच्या हाताने."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवी घेऊन आत गेले.

ती आत येऊन पंख्याखाली बसल्यावर मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "खोटं का सांगतेस तू?"

ती ओशाळली नाही. उलट तिला माझाच राग आला. "मग काय सांगू? मुलाला वेळ नाही म्हणून? लोक त्याला काय म्हणतील?"

"आणि मला काय म्हणतील?"

"तुला कोण काय म्हणणार?" ती म्हणाली. तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. "तू इथेच असतेस."

मी स्वयंपाकघरात जाऊन साधा चहा टाकला, आलं किसून, माझ्यापुरता. कप घेऊन मागच्या पायरीवर बसले. आतून तिची हाक आली, "मला नाही का केलास?"

"करते," मी म्हटलं. पण कप संपेपर्यंत उठले नाही.