अकरा हॉल तिकिटं

आमच्या घरात बिघडलेली कुठलीही वस्तू आधी माझ्याकडे येते आणि मग दुरुस्तीला जाते. हा क्रम मीच ठरवलेला आहे. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नटबोल्टपासून पट्ट्यांपर्यंत सगळं माझ्या हाताखालून जातं, त्यामुळे कुठलंही यंत्र मला आपलंच वाटतं. यंत्रांना माझ्याबद्दल काय वाटतं याची चौकशी मी कधी केली नाही.

कोपरखैरण्याच्या आमच्या घरात प्रिंटर आला तो शाळा घरातच भरायची त्या काळात. पुढे मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, मुलगा पुण्याला कॉलेजात गेला, आणि मागे आम्ही दोघं आणि प्रिंटर राहिलो. सोसायटीत कुणाला आधार कार्डाची प्रत हवी असली की मी आपण होऊन सांगायचो, आमच्याकडे या. खालच्या झेरॉक्सवाल्याला मी मनातल्या मनात प्रतिस्पर्धी मानत होतो, आणि त्याला याची कल्पनाही नव्हती.

आता बायकोचं सांगतो, कारण गोष्ट तिची आहे. बारावी झाल्यावर तिचं लग्न माझ्याशी झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं. मुलं बाहेर पडल्यावर तिने, मला फॉर्म भरून झाल्यावर सांगून, घरून अभ्यास करायच्या बी.ए.ला नाव घातलं. तिची पुस्तकं स्वयंपाकघरातल्या फळीवर, पोह्यांच्या आणि मटकीच्या डब्यांच्या मधे असायची. पोळ्या लाटताना एखादं पुस्तक डब्याला टेकून उभं असायचं आणि ती पान उलटण्यापुरता पिठाचा हात पदराला पुसायची. यंदा तिचं शेवटचं वर्ष होतं. पहिला पेपर रविवारी सकाळी साडेदहाला, वाशीच्या एका कॉलेजात. छापलेलं हॉल तिकीट नसेल तर आत सोडणार नाही असं वेबसाइटवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि पेपर चुकला तर वर्ष गेलं.

शनिवारी ती म्हणाली, "मी खाली जाऊन झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणते."

"घरात प्रिंटर असताना?" मी म्हणालो. "उद्या सकाळी काढू की. दोन मिनिटांचं काम आहे."

तिने पर्स परत खुंटीला अडकवली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माझी दोन मिनिटं किती लांब असतात हे तिला माहीत आहे.

रविवारी सात वाजता मी लॅपटॉप उघडला, हॉल तिकीट काढलं आणि प्रिंट दाबलं. प्रिंटरने मागे उभ्या लावलेल्या गठ्ठ्यातला एक कागद तिरका ओढला, कटकट असा आवाज केला, कागद अर्ध्यावर चुरगाळून धरला आणि केशरी दिवा लावला. मी कागद ओढून काढला. कोपरा आतच राहिला. तो चिमट्याने काढला आणि पुन्हा प्रिंट दाबलं. पुन्हा तेच.

मी प्रिंटर बंद करून चालू केला. मग वायफायचा डबा बंद करून चालू केला. मग दोन्ही बंद करून, दहापर्यंत आकडे मोजून, चालू केले. प्रत्येक उपायानंतर मी प्रिंट दाबत होतो.

"तू कागद खिडकीशी ठेवलेस," मी बायकोला सांगितलं. "खाडीकडचा वारा लागून ओले झालेत."

ती कणीक मळत होती. "कागद तुम्हीच तिथे ठेवलेत," ती म्हणाली.

मी इस्त्री गरम केली आणि वीसेक कोरे कागद एकेक करून इस्त्री केले. पेपरला नेसायची तिची साडी शेजारी चुरगळलेली पडली होती. तिने साडीकडे पाहिलं, मग कागदांकडे पाहिलं, आणि परत आत गेली. इस्त्रीचे कागद प्रिंटरने जास्तच उत्साहाने चुरगाळले.

आठ वाजता मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, आधी जुनी कामं कॅन्सल कर," ती म्हणाली. "यादीत सगळं साठलं असेल."

"केली," मी म्हणालो. केली नव्हती. ती यादी कुठे असते हे मला माहीत नव्हतं आणि पोरीला विचारायचं नव्हतं.

"आतला रोलर ओल्या फडक्याने पूस. आणि शाईला हात लावू नकोस, शाईचा काही प्रॉब्लेम नाहीये."

रोलर पुसला. मग शाईला हात लावला. प्रिंटरमध्ये शाईची नळी साफ करायचं एक बटण असतं, ते मी दाबलं, आणि टाकीचं झाकण का कोण जाणे उघडलं. माझी उजव्या हाताची तीन बोटं निळी झाली. रागाने मी प्रिंटरच्या पाठीवर एक थाप मारली, तर पाठही निळी झाली.

"मागच्या फटीत काही पडलंय का बघ ना, टॉर्च मारून," मुलगी म्हणाली.

"काय पडणार आहे? मी रोज झाकून ठेवतो."

पावणेनऊ झाले. खालचा झेरॉक्सवाला रविवारी दहाला उघडतो, आणि साडेनऊला आम्ही निघायला हवं होतं. बायको बाहेर येऊन माझ्यामागे उभी राहिली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं, मलाही चिडता आलं असतं. ती फक्त म्हणाली, "नाही झालं तर स्टेशनजवळ एखादं दुकान उघडं मिळतं का बघू. तुम्ही टेन्शन घेऊ नका." परीक्षा तिची आणि धीर मला. आपल्या फुशारकीपायी हिचं वर्ष जाणार, हे तोवर माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

तिने फोनचा टॉर्च लावला आणि प्रिंटरच्या मागच्या फटीत वाकून पाहिलं.

"अहो, इथे तांदूळ आहेत."

"प्रिंटरमध्ये तांदूळ कसे असतील?"

"कुंकू लागलेले आहेत."

फोनमध्ये बंगळुरू हसू लागलं.

दसरा चार दिवसांपूर्वीच झाला होता. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला फोर्कलिफ्टपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना हार घालायचं काम माझ्याकडे असतं, आणि ती सवय मी दुसऱ्या दिवशी घरी आणतो. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, वॉशिंग मशीन, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि अक्षता. लॅपटॉप कंपनीचा म्हणून त्याला दोनच दाणे. प्रिंटर स्वतःच्या पैशाचा, म्हणून त्याच्यावर मूठभर. बायको तेव्हा म्हणाली होती, "वरून टाकू नका, आत जातील." मी तिला म्हणालो होतो की पूजेच्या वेळी शंका काढू नये.

"उलटा करून झटकू," मी म्हणालो.

"शाई सांडेल," माझ्या बोटांकडे बघत ती म्हणाली.

ती आत गेली आणि एक उदबत्तीची काडी घेऊन आली. काडीच्या टोकाला मळलेल्या कणकेची बोराएवढी गोळी चिकटवलेली होती. तिने ती काडी फटीत घातली, हळूच दाबली आणि वर काढली. एक दाणा. पुन्हा घातली. दुसरा. अठ्ठावीस वर्षं स्टोअर सांभाळलेला मी टॉर्च धरून उभा होतो, आणि टॉर्चसुद्धा नीट धरा असं मला दोनदा ऐकावं लागलं. सात दाणे निघाले आणि झेंडूची एक वाळकी पाकळी. ते सगळं तिने बशीत ठेवलं.

कागद लावला. प्रिंटरने तो सरळ आत घेतला आणि हॉल तिकीट बाहेर आलं. स्वच्छ, काळं, तिच्या फोटोसकट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी निळ्या बोटांनी पुसलं. मग दुसरं हॉल तिकीट आलं. मग तिसरं. सकाळपासून जितक्या वेळा मी बटण दाबलं होतं तितक्या वेळा प्रिंटरने ते नोंदवून ठेवलं होतं, आणि आता तो एकही विसरायला तयार नव्हता.

"बाबा, तू यादी कॅन्सल केली होतीस ना?" मुलीने विचारलं. मी फोन ठेवला.

अकरा आली. मी ती जेवणाच्या टेबलावर मांडली. अकरा ठिकाणी माझी बायको, स्टुडिओतल्या पांढऱ्या पडद्यासमोर, गंभीर चेहऱ्याने, एकटी. आमच्या घरातल्या फोटोंत ती कायम कुणाच्या तरी मागे किंवा हातात ताट घेऊन असते. मी बघत राहिलो. बाजूला तिच्या नोट्सची वही होती, वहीशेजारी बशी होती आणि बशीत ते दाणे होते. तेव्हा मला उमगलं.

मुलं लहान असताना आम्ही दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायचो आणि त्यांची वह्यापुस्तकं पूजेला ठेवायचो. यंदा सगळी यंत्रं पुजून झाल्यावर मीच सांगितलं होतं की पाटीपूजन राहू दे.

ती साडी नेसून बाहेर आली. इस्त्री न केलेलीच.

"तुझी पुस्तकं का नाही ठेवलीस गं पूजेला?" मी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना," एक हॉल तिकीट घडी न करता पिशवीत ठेवत ती म्हणाली, "मुलं घरात नाहीत, यंदा कुणी शिकणारं नाही."

ती चिडून बोलली नव्हती. मी काय म्हणालो होतो ते तिने तसंच्या तसं सांगितलं, इतकंच. मला भयंकर लाज वाटली. मी बशीतले सात दाणे उचलले आणि तिच्या वहीवर ठेवले.

"अहो, कणीक लागलीय त्यांना," ती म्हणाली.

"राहू दे."

तिने ते झटकले नाहीत. गोळा करून पेनाच्या पाऊचमध्ये टाकले. स्कूटरवरून मी तिला वाशीला सोडलं, आणि दहाला दहा मिनिटं असताना ती गेटातून आत गेली.

दुपारी ती आली ती हसतच. पेपर चांगला गेला होता. वर्गातल्या सुपरवायझर बाईंनी सगळ्यांचे पाऊच रिकामे करून तपासले, म्हणाली, आणि तिच्या बाकावर पेनांबरोबर तांदूळ पडले. बाईंनी विचारलं, हे काय?

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं," ती चहाचं आधण ठेवत म्हणाली. "दसऱ्याच्या अक्षता आहेत, आमच्या घरी माझ्यापर्यंत यायला जरा उशीर झाला."