न वाजणारा खुळखुळा

वैजनाथमामा आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. टेकडीवरून आणलेली झाडं वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवायची आणि जाड कागदावर टाके घालून बसवायची, हे त्यांचं काम. लॅबच्या माणसाला सगळेच मामा म्हणतात, तसे तेही मामा. पुढे माझं लग्न झालं, पदवी कपाटात गेली आणि मामा विसरले गेले.

मागच्या ऑक्टोबरात वेताळ टेकडीवर पायवाटेच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ गवतात उकिडवे बसलेले दिसले. माझ्यापुढे चाललेल्या एकाने विचारलं, "काका, काय हरवलंय? की गवत मोजताय?"

"हरवलं नाही. टाकून दिलेलं शोधतोय," ते म्हणाले, आणि आवाजावरून मी त्यांना ओळखलं.

त्या टेकडीवर खुळखुळ्याची झुडपं दोन तऱ्हेची. एक उंच, रुंद पानांचं. दुसरं बुटकं, अंगभर लव असलेलं. फुलं दोन्हींची पिवळी. बत्तीस वर्षांपूर्वी मामांच्या हाती एक झुडूप आलं, ते दोन्हींच्या मधलं. पान रुंद, पण लव भरपूर. मामा म्हणाले होते, "सर, हा संकर असेल." विभागप्रमुख सर म्हणाले, "मामा, तुम्ही टाके घाला. पुस्तकाशी जुळत नाही ते फेका." वर्ग हसला.

"तुम्ही पण होता की, ताई. तुम्ही पण हसला होता." राग नव्हता त्यात. हजेरी घेतल्यासारखं म्हणाले. मला काहीच आठवत नव्हतं, म्हणजे हसलेच असणार.

निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं दर हंगामात ते तसं झुडूप शोधत होते. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी रुपाली नांदेडला. शनिवार पेठेतल्या खोलीत सकाळी चहा झाला की बोलायला कोणी नाही, म्हणून टेकडी. आणि त्या सकाळी तिथेच गवतात ते मिळालं होतं. सरांना एकदा दाखवायचं, त्यांच्या तोंडून एकदा 'होय' ऐकायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

"नुसतं मधलं दिसून चालत नाही, ताई. साधी शेंग वाळली की आत दाणे वाजतात. अशा संकराचा दाणा बहुधा भरतच नाही. शेंग मुकी राहते."

पण अळीनं दाणे खाल्ले तरी शेंग मुकीच. तेव्हा फुलं उमलायच्या आधीच त्यांनी कळ्यांवर मलमलीच्या पिशव्या शिवून बांधल्या, आणि पिशवीत मधमाशी शिरत नाही म्हणून फुलं उमलल्यावर हाताने परागकण लावले. दोन्ही साध्या झुडपांनाही तसंच केलं. मग रोज येऊन बघायचं. मी फिरून खाली येईपर्यंत ते तिथेच असायचे. कधी थर्मासमधला चहा दिला, तर अर्धा कप घेऊन म्हणायचे, "पुरे. उगाच सवय लागायची."

जानेवारीत शेंगा वाळल्या. आम्ही कोथरूडला सरांच्या फ्लॅटवर गेलो. सर शहाऐंशीचे. कामवाली बाई दार उघडून पाणी देऊन गेली, घरात दुसरं कोणी नव्हतं.

"बसा, मामा. अजून झाडं आणताय? पेन्शन पुरत नाही काय?"

मामांनी दोन डब्या टेबलावर ठेवल्या, एकीत साध्या झुडपाच्या शेंगा, दुसरीत मधल्याच्या. पानं दाखवली. सरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग साधी शेंग उचलून कानाशी हलवली. खुळखुळ, खुळखुळ, मला दाराजवळ स्वच्छ ऐकू आलं. सरांनी पुन्हा हलवली. मग दुसऱ्या डबीतली घेतली. तिचा आवाज आलाच नाही.

"दोन्ही रिकाम्या," सर म्हणाले. "अळीनं खाल्ल्यात. फरक कुठंय?"

मामांनी साधी शेंग उचलली. ती नखाने फोडली असती तर दाणे टेबलावर सांडले असते. त्यांचा अंगठा शेंगेवर टेकला, मी पाहिलं. मग त्यांनी ती डबीत ठेवली.

"बरोबर आहे, सर."

"तेव्हाही मी हेच सांगितलं असणार."

"हो सर."

जिन्यात मला राहवलं नाही. "फोडली का नाहीत, मामा? अकरा वर्षं घालवलीत."

ते कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. "सरांना आता असा बारीक आवाज ऐकू येत नाही, आणि ते त्यांना स्वतःलाच ठाऊक नाही, ताई. घरात कोण सांगणार? फोडून दाखवली असती, तर आपण निघून आलो असतो आणि सर एकटेच ती शेंग कानाशी धरून बसले असते."

रस्त्यावर आल्यावर त्यांनी दोन्ही डब्या खिशात टाकून खिशाचं बटण लावलं. घरापर्यंत सोबत येते म्हटलं, तर म्हणाले, "नको. बस थेट आहे." आणि थांब्यावर जाऊन रांगेत उभे राहिले.